मांडीबाबा आणि मेलेले लॅपटॉप

मांडीबाबांनी मेलेला लॅपटॉप मांडीवर घेतला, त्यावर शाल ओढली, डोळे मिटले, आणि सभागृहातल्या दोनशे माणसांनी श्वास रोखून धरला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना खोकला आला तर त्यांनी तोही गिळला.

"लॅप म्हणजे काय?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"मांडीऽऽ!" सभागृह एका सुरात ओरडलं.

"आणि तुम्ही त्याला ठेवता कुठे?"

"टेबलावर!"

"टेबलावर!" बाबांचा आवाज कापरा झाला. "पोटच्या पोराला कुणी टेबलावर झोपवतं का? नावातच सांगितलंय त्याने, मी मांडीवरचा आहे म्हणून. मांडी मिळत नाही, म्हणून ते बाळ अन्न घेत नाही. पिन तुटली, वायर तुटली, ही सगळी निमित्तं. खरा रोग पोरकेपणाचा!"

हातोडीच्या नावात हात आहे म्हणून तिला हातात घेऊन कुणी झोपत नाही, असं मी शेजारी बसलेल्या ताईच्या कानात म्हटलं. ताईने मला कोपर मारलं.

बाबा डुलू लागले. शालीखाली त्यांचा डावा हात बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा हलत होता. मिनिटभराने शाल थोडी सरकली आणि लॅपटॉपच्या कडेला एक पिवळा ठिपका लागला. मग पडदा उजळला. चार्जरची वायर तर समोर स्टुलावर सर्वांच्या देखत पडली होती, मानेपाशी फाटून आतल्या तारा बाहेर आलेली. ती कशालाच जोडलेली नव्हती.

"आम्ही चार्ज करत नाही," बाबा म्हणाले. "आम्ही भारतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काही बायका रडल्या. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ दिसत नसताना 'दिसते दिसते' म्हणणारी माणसं मी रोज बघते, त्यामुळे टाळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मी त्या डाव्या हाताकडे बघत राहिले. शालीत शिरलेला तो हात बाहेर यायला तयार नव्हता.

तो लॅपटॉप माझ्या ताईचा होता.

ताईचं काम आधी सांगायला हवं. आमच्या भागात मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. माणूस भेटून गेला की त्या आपली टिपणं बोलून ठेवतात, आणि ताई ती ऐकून टाइप करते. कुणाला झोप येत नाही, कुणाला दार लावलं की गुदमरतं, कुणी आपल्याच मुलाचा राग राग करतं. सात वर्षांत तिने यातला एक शब्द मला सांगितलेला नाही. "दुसऱ्याच्या मनातलं माझ्या कानातून बोटांत उतरतं, तोंडात येत नाही," असं ती म्हणायची, आणि तिला त्याचा अभिमान होता. भावजी वर्षभरापूर्वी वेगळे राहायला गेले, तेव्हापासून तर हा अभिमान हाच तिचा आधार होता.

तिच्या लॅपटॉपचं दुखणं मात्र जुनं. चार्जरची गोल पिन त्या भोकात सैल बसायची. विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागायचा. तो कोन साधण्यासाठी ताईने खाली खोडरबर, त्यावर शब्दकोश आणि शब्दकोशावर इस्त्री अशी मांडामांड केली होती, आणि मोलकरणीला त्या टेबलाच्या वाऱ्याला उभं राहायची बंदी होती. शेवटी वाकवून वाकवून वायर मानेपाशी फाटली, आणि एके दिवशी इस्त्री ठेवूनही काही होईना. ताई लॅपटॉप घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे गेली. या बाईंना सगळे पिनबाई म्हणतात. पिनबाईंनी बघून सांगितलं, आतला भाग बदलावा लागेल, तो यायला चार दिवस लागतील.

चार दिवस! टिपणांचा ढीग साचलेला. तिथेच आपला फोन दुरुस्तीला टाकायला आलेल्या आमच्या शेजारच्या शिंपीणबाई उभ्या होत्या. त्यांनी ताईचा हात धरला. "चार दिवस कशाला? बाबांकडे चल. माझ्या जावयाचा लॅपटॉप त्यांनी मांडीवर घेतला नि तो उठून बसला!"

बुडत्याला काडीचा आधार. ताई गेली.

तिथली पद्धत अशी होती. दारात एक वहीवाला बसायचा. त्याच्या वहीत आपलं नाव, धंदा, फोन नंबर लिहायचा. मग बाबांसमोर बसून 'यंत्राचं गुप्त नाव' त्यांच्या कानात सांगायचं, म्हणजे यंत्र त्यांना परकं मानणार नाही. गुप्त नाव म्हणजे पासवर्ड. कानमंत्र गुरूने शिष्याला द्यायचा असतो एवढं मला ठाऊक होतं. इथे दोनशे शिष्य रांग लावून गुरूला कानमंत्र देत होते, नि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यानंतर यंत्र तीन रात्री बाबांपाशी 'विसाव्याला' राहायचं, आणि रविवारी सर्वांसमोर जिवंत व्हायचं.

"तू पासवर्ड सांगितलास?" मी ताईला विचारलं होतं.

"अगं, ते काय उघडून बघणार आहेत? ते तर डोळे मिटूनच बसलेले असतात."



तर त्या रविवारी लॅपटॉप जिवंत झाला, आणि ताई तो घ्यायला पुढे गेली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"बाळे," ते हलकेच म्हणाले, "एक पत्र आहे. लिहिलंस, पण पाठवलं नाहीस. 'चूक दोघांची होती' असं त्यात आहे. खरं की खोटं?"

ताईच्या हातातून लॅपटॉप पडता पडता राहिला. घरी येईपर्यंत तिचे डोळे वाहत होते. भावजींना लिहिलेलं ते पत्र तिने मलाही दाखवलेलं नव्हतं.

"जगात कुणालाच माहीत नव्हतं गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"लिहिलंस कशावर?"

"लॅपटॉपवर."

"मग एकाला माहीत होतं."

ताईने तोंड फिरवलं. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

घरी आल्यावर आणखी एक गंमत. बाबांनी फाटक्या वायरीला एक लाल चिकटपट्टी गुंडाळून दिली होती, 'भारलेली पट्टी'. ताईने ती वायर लावली. दिवा लागला नाही, पण पट्टी मात्र गरम झाली. मी हात लावला तर चटका बसेल इतकी.

"काढ ते!"

"बाबा म्हणालेत, दोष बाहेर पडतोय. तापणारच."

"ताई, दोष असा प्लास्टिक जळाल्याच्या वासासकट बाहेर पडत नाही," असं म्हणून मी बटण बंद केलं. वायर काढून घेतली आणि माझ्या कपाटात कोंडली. 

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती वायर घेऊन पिनबाईंकडे गेले. त्यांनी पट्टी सोलली आणि कपाळावर हात मारला. "आतल्या तारा तुटल्यात. दोन-चार शिल्लक आहेत, त्यातून सगळा करंट जायला बघतो, म्हणून तापते. वर पट्टी गुंडाळली की तुटलेलं दिसत नाही एवढंच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबतं का? ही कचऱ्यात."

"पण मग लॅपटॉप चालू कसा झाला? वायर तर लावलीच नव्हती. मी डोळ्यांनी बघितलंय."

"कुठला लॅपटॉप तिचा? तो पातळ, करडा ना?" त्यांनी फळीवरून तशाच बनावटीचा एक काढला. उजव्या बाजूचं गोल भोक मला दाखवलं. "हे तिचं बिघडलंय. आता डावीकडे बघ." तिथे एक चपटी खाच होती, नव्या फोनला असते तशी. पिनबाईंनी गल्ल्यामागून एक विटेएवढी बॅटरी काढली, प्रवासात नेतात तसली, आणि तिची आखूड वायर त्या खाचेत सरकवली.

पिवळा ठिपका लागला.

मी खाचेजवळ वाकले. "इथून पण चार्ज होतो?"

"नव्या मशीनना दोन्हीकडून चालतं. बॅटरी तेवढी ताकदवान हवी. लोकांना वाटतं ही खाच पेनड्राइव्हची. तुझ्या ताईला तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं, तोवर शिंपीणबाई तिला ओढत घेऊनसुद्धा गेल्या."

"आणि जुन्या, जाड लॅपटॉपना ही खाच नसते?"

"नसते."

मला एकदम आठवलं. रविवारी एका शाळामास्तरांनी जाडजूड जुना लॅपटॉप आणला होता. बाबांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि खिन्न होऊन परत दिला. 'याचा आत्मा पुढे गेला, मास्तर. शोक करू नका.' तेव्हा मास्तरांसकट सगळे गहिवरले होते. आता कळलं की बाबा आत्मा नव्हे, खाच शोधत होते.

"जाऊन सांगत का नाही तुम्ही सगळ्यांना?" मी विचारलं.

"मी सांगू? धंदा बसला म्हणून जळते, म्हणतील. म्हणालेत सुद्धा."

संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. डावा हात, शाल, खाच, वीट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. आणि पत्र? ते कुठल्या खाचेतून आलं?"

"पासवर्डच्या! तीन रात्री मशीन त्याच्याकडे होतं. त्याने उघडून वाचलं."

"नाही," ताई म्हणाली. "नाही म्हणजे नाही. तुला प्रत्येक गोष्टीत घाणच दिसते."

मला राग आला. पण रात्रभर विचार करून मला तिचं 'नाही' समजलं. चमत्कार मानला, तर तिचं दुःख एका मोठ्या शक्तीने जाणलं होतं. नाही मानला, तर एका परक्या पुरुषाने तिच्या पत्रात नाक खुपसलं होतं. यातलं दुसरं सोसायला फार जड होतं. आणि पत्राच्या शेजारीच डॉक्टरीणबाईंची टिपणं होती. सात वर्षं तिने सांभाळलेला विश्वास त्या टिपणांत होता. बाबाने पत्र वाचलं असेल तर तीही वाचली असणार. हे ताईला उमगलं असावं असं मला वाटतं. म्हणूनच ती ऐकायला तयार नव्हती.

पुढच्या रविवारी ती पुन्हा निघाली. निघावंच लागणार होतं. घरी काही तो लॅपटॉप चार्ज होत नव्हता, आणि डावीकडची खाच वापरून बघायला ताई तयार नव्हती, त्यामुळे दर आठवड्याला 'भारून' आणण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाबांचा कारभार चालायचा तो असा. रोग बरा झाला की गिऱ्हाईक जातं. मी हट्टाने तिच्याबरोबर गेले.

ताईचा लॅपटॉप बाबांच्या मांडीवर शालीखाली भारला जात होता, आणि तो भरेपर्यंत बाबा इतरांना दर्शन देत होते. तेवढ्यात पुढे आला एक धिप्पाड माणूस. लिफ्टची दुरुस्ती करणारा. आमच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली की हाच येतो. दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत गाणं म्हणणारा गडी. त्याच्याकडेही एक पातळ लॅपटॉप होता, पिन वाकडी झालेला. बाबांनी वहीवाल्याकडे पाहिलं, वहीवाल्याने नाव मोठ्याने वाचलं. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. नाव ओळखीचं निघाल्यावर हलतं तसं.

"यंत्राचं मागाहून," बाबा म्हणाले. "आधी तुझं बघू. दिवसभर वर-खाली, वर-खाली करतोस, पण मन एका जागी अडकलंय."

"हो बाबा," लिफ्टवाला ताठ झाला.

"डोळे मिटले की समोर काहीतरी येतं. झोप उडते. येतं की नाही?"

"येतं," त्याचा आवाज खाली गेला.

बाबांनी डोळे मोठे केले. "चाकू!"

सभागृहात 'अरे बापरे' झालं.

लिफ्टवाला गोंधळला. "काय?"

"चाकू! लखलखता चाकू! डोळे मिटलेस की समोर येतो!"

"चाकू नाही हो," लिफ्टवाला अगदी भाबडेपणाने म्हणाला. "काकू. माझी काकू येते. मला तिनेच वाढवलं. गेल्या वर्षी गेली ती. चाकू कुठून आला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने लिफ्टवाला भानावर आला. आपण दोनशे माणसांसमोर काय बोलून बसलो ते त्याला कळलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाचे कान लाल झाले. "हे मी फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं," तो स्वतःशीच पुटपुटला.

बाबांनी सावरायचा प्रयत्न केला. "काकूच्या हातातला चाकू! भाजी चिरायची ना काकू?"

ताईची नखं माझ्या मनगटात रुतली. मी तिच्याकडे वळले. 

"छोटे," ती कुजबुजली, "तो चाकू माझा आहे."

"म्हणजे?"

"मी चुकून टाइप केलं होतं. 'डोळे मिटले की चाकू समोर येते.' डॉक्टरीणबाईंनी छापील प्रतीवर लाल पेनाने लिहून पाठवलं, चाकू 'येते' कधीपासून झाली? नीट ऐक, काकू आहे ती. तेव्हा लॅपटॉप इथे होता, म्हणून त्यातली चूक दुरुस्त करायची राहून गेली. त्या प्रतीशिवाय जगात दुसरीकडे कुठेही हा चाकू नाही. फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये आहे."

मी काही बोलायच्या आत ती उठली. माझी ताई बसस्टॉपवर सुद्धा कुणाला पुढे सरका म्हणत नाही. ती दोनशे माणसांमधून वाट काढत थेट बाबांसमोर जाऊन जमिनीवर मांडी घालून बसली.

"बाबा, यंत्र म्हणजे बाळ ना?"

"अर्थात."

"आणि त्याची आई कोण?"

"तूच, बाळे."

"मग आईच्या मांडीवर द्या."

बाबांचा डावा हात शालीत घट्ट झाला. "अजून भरलं नाही. अर्धवट उठवलं तर दगावेल."

"माझं आहे. दगावलं तर मी बघेन," असं म्हणून ताईने दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला आणि ओढला.

लॅपटॉप आला. त्याच्या मागोमाग एक काळी वायर ताणली गेली. वायरीच्या मागून शाल आली, आणि शालीतून घरंगळत एक विटेएवढी बॅटरी धप्पकन फरशीवर पडली. तिचे चार हिरवे दिवे लुकलुकत होते.

मागच्या रांगांतली माणसं बघायला उभी राहिली.

"ही... ही माझ्या फोनची आहे," बाबा म्हणाले.

"मग माझ्या लॅपटॉपला का चिकटलीय?" ताईने वायर उपसली आणि वर धरली. "हा बघा तुमचा चमत्कार. या बाजूलाही चार्जिंगची खाच असते, आपल्याला ठाऊक नसते, एवढंच. आणि यांना आपल्या मनातलं कळतं, कारण आपण सगळ्यांनी यांच्या कानात पासवर्ड सांगितलाय. मी सांगितला. माझ्या भरवशावर दुसऱ्यांनी सांगितलेलं यांनी वाचलं. यांनी वाचलं त्यात चूक होती. ती चूकसुद्धा यांनी अंतर्ज्ञान म्हणून सांगितली!"

वाटेल तेवढा गोंधळ होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. कुणी आपला लॅपटॉप उचलला, कुणी पिशवीत कोंबला, आणि लोक खाली मान घालून दाराकडे निघाले. आपलीच मांडी उघडी कोण करणार? शिंपीणबाई तर जाता जाता म्हणाल्या, "बाबा आपली परीक्षा घेत असतील हो." पालथ्या घड्यावर पाणी. वहीवाला मात्र वही घेऊन पळाला, आणि त्याच्यामागे धावला तो लिफ्टवाला. त्याने त्याला जिन्यात गाठलं. आम्ही तक्रार केल्यावर ती वही पोलिसांना फार उपयोगी पडली. त्यात प्रत्येक नावापुढे त्याच्या घरचं एकेक गुपित बारीक अक्षरात टिपलेलं होतं.

पिनबाईंनी लॅपटॉप उघडून आतला सैल भाग काढला, नवा बसवला आणि योग्य ताकदीचा चार्जर दिला. पाऊण तासाचं काम. ताईने पासवर्ड बदलला. पण तिचं खरं काम पुढे होतं. ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. बाई भयंकर संतापल्या. टिपणं काढून घेतली. म्हणाल्या, लॅपटॉपमध्ये ज्यांची ज्यांची माहिती होती, त्या अकरा जणांना तू स्वतः जाऊन सांगायचं, मी बरोबर येईन. मग तुझ्या कामाचं बघू. ताई एकेका घरी गेली. दोघांनी दार लोटून घेतलं. एक बाई खूप वेळ रडल्या. रोज संध्याकाळी ताई घरी येऊन न जेवता झोपायची. मला तिची दया यायची आणि अभिमानही वाटायचा.

शेवटी राहिला लिफ्टवाला. त्या दिवशी मीही गेले. तो आमच्याच इमारतीत लिफ्टच्या छतावर बसून तेल घालत होता. ताईने मान खाली घालून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्याने हातातलं फडकं पिळलं.

"रागावलोय मी," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण एक सांगू ताई? तुम्ही ते बरोबर टाइप केलं असतंत ना, तो बाबा 'काकू' म्हणाला असता. आणि मी आज त्याच्या पायाशी बसलेलो असतो. काकूला एकदा भेटवा म्हणून हातातलं सगळं देऊन टाकलं असतं."

हे वाक्य ऐकल्यापासून मला भीती वाटते, आणि म्हणूनच हे सगळं लिहून काढलं. आम्ही वाचलो ते हुशारीने नव्हे, एका अक्षराच्या चुकीने. दर वेळी अशी चूक मदतीला येणार नाही. पुढचा बाबा शुद्धलेखन तपासून येईल. तेव्हा वायर फाटली तर ती बंद करा आणि जिला त्यातलं कळतं तिच्याकडे जा. पासवर्ड कुणालाही सांगू नका, डोळे मिटून बसलेल्याला तर मुळीच नाही. आणि कुणी तुमच्या मनातलं अचूक ओळखलं, तर गहिवरण्याआधी फक्त एवढं विचारा: हे याला कुठून कळलं?